गानू सर आणि बेटाबेटांवरची दुखणी

तेव्हा दवाखान्यात आम्ही पाच जण होतो. मी, माझी सून अनघा, तिच्या मांडीवर माझी नात सई, खिडकीपलीकडं कागद लावत बसलेली लूझ नावाची फिलिपिन्सची पोरगी, आणि कोपऱ्यात भर मे महिन्यात कानटोपी घातलेले एक म्हातारे.

लूझनं लोखंडी ड्रॉवर ढकलला आणि त्यात तिचंच बोट सापडलं. "अराय!" अशी ओरडली की सई दचकून रडायला लागली. अनघा "आइस, आइस" करत उठली. मी पाणी शोधायला लागले. आणि ते म्हातारे शांतपणे खिडकीपाशी गेले, खिशातून एक कोरं कार्ड काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि तिला इंग्रजीत काहीतरी विचारायला लागले. अनघा माझ्या कानात म्हणाली, "आई, ते तिला विचारतायत, बोट ठणकतंय की झोंबतंय."

मला राहवलं नाही. म्हटलं याला कुठं मराठी कळतंय. "काळीज आहे का तुम्हाला? आधी बर्फ द्या तिला!"

म्हातारे गर्रकन वळले. चेहरा असा फुललेला, जसं काही मी आरतीचं ताट घेऊन उभी आहे.

"मराठी! कुठल्या तुम्ही?"

"इचलकरंजीची. बर्फ!"

असे मला गानू सर भेटले. हे याच मे महिन्यातलं, साल दोन हजार पाच. अमेरिकेत एडिसनला मुलाकडं येऊन मला आठ दिवस झाले होते.

गानू सर एका कॉलेजच्या लायब्ररीत तीस वर्षं होते. आता रिटायर. त्यांना नाद एकच. आफ्रिकेच्या शेजारी मादागास्कर नावाचं बेट आहे म्हणे, तिथून निघायचं ते पार हवाईच्या पुढंपर्यंत, मधल्या सगळ्या बेटांवरची माणसं दुखण्याला काय म्हणतात ते गोळा करायचं. फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशिया, न्यूझीलंडचे माओरी, सगळे त्यात आले. या सगळ्या भाषा एका घराण्यातल्या, असं ते सांगायचे. "ताई, हजारो वर्षांपूर्वी होड्यांत बसून गेली हो ही माणसं. सामान किती नेणार? पण दुखणं नेलं सगळ्यांनी!"

मी तिसरी शिकलेली. मला घराणं कळतं, भाषा कळत नाही. पण ते सांगायचेच असं की डोक्यात राहायचं. आजाराला फिलिपिन्समध्ये 'साकित', मलेशियातही 'साकित'. मिरचीच्या हातानं डोळा चोळला की जी आग होते तिला लूझच्या गावात 'हापदी' आणि मलेशियात 'पेदिह'. "सख्ख्या बहिणी, ताई! एकीचं सासर इकडं, एकीचं तिकडं, पण नाक बघा, तेच!" माओरी लोकांत 'माते' म्हणजे आजारी आणि 'माते' म्हणजे मेलेला, शब्द एकच, हे सांगून त्यांनी माझ्याकडं मोठ्या अपेक्षेनं बघितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे की. औषध नसलं तर वेगळा शब्द कशाला पाहिजे?" ते त्यांनी लगेच कार्डावर लिहून घेतलं. माझं नाव घालून.

कार्डाचा नियम कडक. वर माणसाचं नाव, खाली गाव, मग कुठं दुखतं, कसं दुखतं, आणि शेवटी शब्द. पुस्तकातला शब्द चालायचा नाही. "आधी माणूस, मग शब्द" हे त्यांचं पालुपद. त्यामुळं ते दुखणाऱ्या माणसांच्या शोधात असायचे. ब्लड प्रेशर उत्तम असताना आठवड्यातून दोनदा तपासायला यायचे, कारण लूझ. कुठं कुणी कुबडी घेऊन चाललेला दिसला आणि तो जरा बेटावरचा वाटला, की गाडी कडेला. मॉलमध्ये फुलाफुलांचा शर्ट घातलेल्या एका दांडगट माणसाला त्यांनी हवाईचा समजून धरलं. अर्धा तास त्याची पाठदुखी ऐकली. मग कळलं, तो ओहायोचा.

"मग? वाया गेलं की कार्ड," मी म्हटलं.

"गेलं. पण ताई, बोलायचं होतं हो बिचाऱ्याला."

माझा मुलगा संदीप त्यांना टाळायचा. "आई, ते काका एकदा पकडले की दीड तास गेला." मी काही टाळलं नाही. मला कुठं जायचं होतं? दिवसभर घरात मी आणि वॉशिंग मशीन. सर दुपारी यायचे, बुटांच्या खोक्यात कार्डं भरून आणायचे, पोहे खायचे, बेटं सांगायचे. एकदा मी विचारलं, "सगळ्यांचे खोके आहेत, मराठीचा कुठाय?"

"मराठी काय, आपलीच. ती कुठं जातेय?"

"आणि घरी कोण असतं तुमच्या?"

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मिसेस आहेत. नर्सिंग होममध्ये."

सुधाताईंना दीड वर्षापूर्वी झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सर रोज सकाळ-संध्याकाळ तिथं जायचे. लूझ सकाळी दवाखान्यात काम करायची आणि दुपारनंतर तिथं. दोन-दोन नोकऱ्या. तिनंच सरांना ती जागा सांगितली होती.

ऑगस्टात एके दिवशी सर आले ते बिनखोक्याचे. पोह्यांना हात लावला नाही. म्हणाले, "ताई, ती जेवत नाही. दहा दिवस झाले. तोंड फिरवते. ते लोक म्हणतात मनानं खचलीय, जगायचं नाही तिला. सोमवारपर्यंत बघणार, नाहीतर पोटात नळी घालणार." कानटोपी काढून हातात घेतली. "माझ्यावर रागावलीय ती. घरी नाही ठेवली म्हणून. मी भरवायला गेलो की जास्तच तोंड फिरवते. लूझच्या हातचे दोन घास तरी घेते."

मी पातळ नेसले होते तशीच निघाले. सर गाडी अशी चालवायचे की मागचे लोक भोंगे वाजवून थकायचे. त्या दिवशी तर सायकलवाला पुढं गेला.

खोलीत शिरले. सुधाताई उशांना टेकून बसल्या होत्या. लहानखुऱ्या, गोऱ्या, केसांची बारीक वेणी लूझनं घातलेली. सरांनी पिशवीतून डबा काढला. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून कैरी आणून स्वतः डाळ वाटली होती, कैरीची. "हिची फार आवडती. आंबट म्हणजे जीव की प्राण. रोज काहीतरी आणतो. परवा सोलकढी, काल चिंचेची चटणी. बघ सुधा, काय आणलंय." चमचा पुढं केला. सुधाताईंनी डोळे घट्ट मिटले, तोंड फिरवलं.

"बघितलंत?" सर म्हणाले. चमचा डब्यात ठेवला. मग लगेच त्यांची सवय. "सुधा, दुखतंय का काही? ठणकतंय? सलतंय? चमक येतेय? जळजळ?" चौदा प्रकार विचारले. ती बाई नुसती बघत राहिली. मी मनात म्हटलं, अहो, परीक्षेला बसवताय की काय तिला.

मी स्टूल ओढून समोर बसले. मला वाचता फार येत नाही, पण बाई बघता येते. इचलकरंजीला मागावर काम करणाऱ्यांची खानावळ होती माझी. नवरा गेल्यावर बावीस वर्षं, रोज चाळीस ताटं. आजारी पडायला सवड नव्हती. दोन वर्षं एक दाढ किडलेली घेऊन भाकरी थापल्यात मी, लवंग धरून. कुणाला कळलं नाही. कळू द्यायचंच नव्हतं. गिऱ्हाईकाला वाटायला नको, बाईचं तोंड वाकडं आहे.

लूझ पाण्याचा ग्लास घेऊन आली. बर्फाचं पाणी. या देशात सगळ्यांना बर्फच. सुधाताईंनी ग्लासातली स्ट्रॉ तोंडाच्या कोपऱ्यात धरली, गिळायच्या आधी मान एका बाजूला कलती केली, आणि चांगला हात कानावर नेला.

"कान दुखतो का यांचा?"

"कान बघितला त्यांनी. दोनदा. स्वच्छ आहे," सर म्हणाले.

"कान नाही दुखत. दाढ आहे ती. कळ कानात जाते."

मी लूझकडं वळले. इंग्रजी येत नाही मला, म्हणून कैरीच्या डाळीकडं बोट केलं, माझ्या दाताला बोट लावलं, आणि आंबट खाऊन दात आंबल्यावर हवा आत ओढतो तशी "स्स्स" ओढली.

"ङिलो!" लूझ ओरडली. "ओह, लोला, ङिलो!" आणि धावत नर्सला बोलवायला गेली. लोला म्हणजे तिच्यात आजी.

सर उभेच. हळूच म्हणाले, "मलेशियात ङिलू. सुमात्रातही. दात आंबून जी कळ येते ती. माझ्याकडं अकरा बेटांवरची कार्डं आहेत याची, ताई. अकरा." मग डब्याकडं बघितलं. "आणि मी दहा दिवस हिला चिंच भरवतोय."

सुधाताईंनी डावा हात उचलला. मला वाटलं आता मारतात. पण त्यांनी सरांची बाही धरली आणि सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दातांचा डॉक्टर आला. दाढ पार पोखरलेली, खाली पू. काढून टाकली. दोन दिवस सूज होती. सोमवारी मी गुरगुट्या भात नेला, तूप-मीठ घालून. अर्धी वाटी खाल्ला. लूझनं टाळ्या वाजवल्या. नळीची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

परत येताना सरांनी गाडी आमच्या दारात लावली आणि उतरलेच नाहीत. स्टिअरिंग धरून बसले.

"ताई, बेचाळीस वर्षांत ती एकदाही म्हणाली नाही, दुखतंय म्हणून. दोन बाळंतपणं झाली, पाय मोडला एकदा. 'काही नाही हो, तुम्ही जेवा.' मला वाटायचं, हिला दुखतच नाही."

"सगळ्याच पुरुषांना तसं वाटतं," मी म्हटलं.

"म्हणून तर मी लोकांना विचारत सुटलो बहुतेक. लोक सांगायचे ना. विचारलं की सांगायचे."

मी गाडीचं दार उघडलं. म्हटलं, "आत या. चहा टाकते."

तेव्हापासून मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. सर खोलीभर बेटं पसरून बसतात आणि बोलतात. आम्ही दोघी ऐकतो. कधी ऐकत नाही, नुसत्या बसतो. सुधाताईंचं अंग चोळून देते, नखं काढते. बाईला बाईजवळ जे दाखवता येतं ते नवऱ्याला दाखवता येत नाही, अजूनही.

दिवाळी झाली की मी परत चालले. सहा महिने संपतात. हे सगळं मी बोलले आणि अनघानं लिहून घेतलं, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात द्यायला. एवढ्याचसाठी.

वाचणाऱ्यांत एडिसनच्या जवळपास राहणारी कुणी असेल, सून असो, सासू असो, तर जमेल त्या दिवशी सुधाताईंकडं नर्सिंग होममध्ये जा. अनघाला विचारा, ती पत्ता सांगेल. सर खूप बोलतील, बोलू द्या. आणि सुधाताईंच्या डाव्या हाताला बसा. उजवीकडचं त्यांना दिसत नाही.