बर्फ्याचा भोंगा

"कुत्रं सांभाळायला अक्कल लागते, ताकद नव्हे!" असं चिंतामणराव अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, आणि सांगता सांगता त्याच कुत्र्याच्या दोरीला धरून अंगणातून फरफटत चालले होते.

गिरणीतला विणकामाचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना हे प्रकरण टाइमकीपर चिंतामणरावांच्या गळ्यात बांधून गेला होता. बर्फाच्या मुलखात घसरगाड्या ओढणारी जात! निळे डोळे, अंगावर गादीभर केस, आणि आलं कुठं, तर सोलापुरात, ऐन चैत्रात! "याला रोज पाच मैल पळवा, नाहीतर हा तुम्हाला पळवेल," साहेबानं बजावलं होतं. चिंतामणराव हसले. तीन हजार माणसांना वेळेवर पळवणारा माणूस मी, कुत्र्याची काय कथा!

शकुंतलाबाईंनी पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलं, "हे धूड माझ्या घरात दिसता कामा नये!" आठ दिवसांनी ते धूड रांजणाजवळच्या ओल्या फरशीवर पसरलेलं, आणि बाई त्याला पंख्यानं वारा घालताहेत! "बिचाऱ्या बर्फ्याला उकडतंय हो." बर्फ्या हे नावही त्यांनीच ठेवलं. नवऱ्याला असा वारा वीस वर्षांच्या संसारात एकदाही मिळाला नव्हता.

पळवण्याचं मात्र राहूनच गेलं. पहिल्या दिवशी चिंतामणराव सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत गेले, म्हणजे नेले गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली. मग बर्फ्यानं अंगातली रग घरातच काढली. उशा फाडल्या, अंगण खणलं आणि गायन सुरू केलं. हे कुत्रं भुंकायचंच नाही! मान वर करून लांबलचक गळा काढायचं. गिरणीचा भोंगा झाला की यानं सूर धरलाच. महिनाभरात असा तयार झाला, की भोंगा कुठला नि बर्फ्या कुठला ते ब्रह्मदेवालाही कळू नये.

आता घड्याळ होतं कुणाच्या घरी? सहाच्या भोंग्याला उठायचं आणि सातला गिरणीच्या दाराशी हजर व्हायचं, हाच तिथला रिवाज. एका पहाटे बर्फ्यानं भोंग्याची वाटच पाहिली नाही. पाचलाच तोंड उघडलं!

झालं! अंधारातच अंघोळी उरकल्या, भाकऱ्या फडक्यात गेल्या, आणि तासाभरात सगळी पाळी बंद दाराशी येऊन थडकली.

"दार उघडा की!"

"आरं, येवढ्या लवकर कशापायी आलासा?" पहारेकरी जोतीराम डोळे चोळत म्हणाला.

"भोंगा झाला न्हवं?"

"व्हय, म्याबी ऐकला. पर वाजिवला कुनी?"

तेवढ्यात सगळ्यांच्या डोक्यावर सहाचा, उठायचा, खराखुरा भोंगा वाजला. आणि चाळीतून बर्फ्यानं त्याला साथ दिली. तीन हजार माना एकदम तिकडं वळल्या!

मॅनेजरनं चिंतामणरावांना उभंच केलं. "टाइमकीपर तुम्ही की तुमचं कुत्रं? पुन्हा एकदा असं झालं, तर कुत्रं चाळीतून बाहेर!"

घरी शकुंतलाबाईंनी पदर खोचला. "बर्फ्या गेला तर मीही वळसंगला माहेरी चालले!"

"आणि मी गेलो तर?"

"तुम्ही कुठं जाताय? तुम्हाला नेतंय कोण?"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे चार वाजता चिंतामणराव सायकलवर, सायकल दोरीला आणि दोरी बर्फ्याला! पायडल मारायची गरजच नव्हती, नुसतं जीव मुठीत धरून बसायचं. दोनदा बाभळीत पडले, एकदा म्हशीवर आदळले. पण पाच मैल पळून आलेला बर्फ्या दुपारपर्यंत हूं की चूं करीना. चिंतामणरावांना वाटलं, जिंकली!

आणि मुंबईहून गिरणीचे शेठ यायचे होते, त्याच दिवशी पहाटे साडेपाचला जोतीराम धावत आला. "सायब, भोंग्याचा पाइप फुटला! शेटजी साताला येत्यात आन् मानसं तर झोपल्यात. म्यानेजर म्हनत्यात, कुत्र्याला वरडाय लावा. न्हाय वरडलं तर आजच चाळीतनं भाईर!"

बर्फ्या नुकताच पळून आला होता. फरशीवर चारी पाय पसरून घोरत होता! गूळ दाखवला, शेपूट ओढली, कानाशी थाळी वाजवली. शेवटी चिंतामणरावांनी स्वतः गुडघ्यांवर बसून सूर काढून दाखवला. बर्फ्यानं एक डोळा उघडला, कीव केल्यासारखं पाहिलं आणि कूस बदलली.

"अहो, काहीतरी करा हो!" शकुंतलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

सहाला दोन मिनिटं होती. चिंतामणराव शिडी लावून माळवदावर चढले. धोतर सावरलं, टोपी काढून खिशात घातली, मान वर केली आणि डोळे मिटून गळा काढला. एकदा, दोनदा, तीनदा! गल्लीगल्लीत दिवे लागले. सातला शेठजींच्या मोटारीपुढं अख्खी पाळी हजर होती, आणि बर्फ्याला चाळीत कायमचं राहायची परवानगी मिळाली.

संध्याकाळी चिंतामणराव घरी आले ते मुके होऊनच. घशातून शब्द फुटेना. इतक्यात शेजारची बसम्मा वाटीभर गरम हळदीचं दूध घेऊन आली.

"शकुंतलाबाई, सकाळी बर्फ्याचा घसा लई बसल्यागत वाटला की! म्हाताऱ्या रेड्यावानी वरडत होता बगा. म्हनून आनलं."

चिंतामणरावांनी कळवळून हात पुढं केला. शकुंतलाबाईंनी एकवार नवऱ्याकडं पाहिलं, मग बसम्माकडं पाहिलं, आणि वाटी बर्फ्यापुढं ठेवली. "पी रे राजा, फार ओरडलास आज!"

बर्फ्यानं वाटी चाटूनपुसून लख्ख केली, दिवसभराची झोप झटकली आणि मान वर करून असा खणखणीत सूर लावला, की बसम्मानं टाळीच वाजवली.

"बगा! लगेच लागू पडलं की!"