दोन पट्टे, एक ठिपका

आमच्या जावयाला, रेमीला, जेवायच्या टेबलावर लोखंडी हेल्मेट ठेवायची खोड आहे. माणसं जिथे पाव ठेवतात तिथे हा गंजका पत्रा ठेवतो आणि सूप गार होईपर्यंत भिंगातून बघत बसतो. लेक सोलांज म्हणते, "आई, ते संग्राहक आहेत." भंगारवाल्याला निदान लाज असते बाई, तो मागच्या दारानं येतो.

दुसऱ्या महायुद्धातली हेल्मेटं आमच्या नॉर्मंडीत नांगराखाली बटाट्यांसारखी निघायची. आमच्या एकातून कोंबड्या पाणी पीत. सफरचंदं गाळायच्या दिवसांत तेच घासूनपुसून रस उपसायला घ्यायचं. रेमीनं ते एका रविवारी कोंबड्यांच्या चोचींखालून उचललं. त्यावर दोन पांढरे पट्टे आणि खाली लाल ठिपका. अशी खूण त्याच्या एकाही पुस्तकात नव्हती.

"म्हणजे गुप्त तुकडी!" तो ओरडला.

"म्हणजे मी," मी म्हटलं. "गोठ्याच्या दाराचा रंग उरला होता. सगळा गाव आपल्या चरकावर रस गाळायला येतो, भांडी मिसळतात. प्रत्येक घराची आपली खूण असते, म्हणजे वस्तू घरी परत येते."

"आई, तुम्ही जरा थांबा ना."

जिल्ह्याहून तज्ज्ञ आले, श्रीयुत देलॉन. त्यांनी हातमोजे घालून हेल्मेट हुंगलं. आतली कोंबडीची शीट हा 'अस्सल ऐतिहासिक थर' असल्याचं ठरवून ती पुसायला मनाई केली. माझं म्हणणंही ऐकून घेतलं. "मादाम, प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाची आठवण हा सगळ्यात कच्चा पुरावा," असं म्हणून त्यांनी माझी कॉफी मात्र पक्की संपवली.

मग तीच खूण माझ्या बादल्यांवर सापडली, टोपल्यांवर, पिपांवर. सबब चरकाची शेड हे तुकडीचं मुख्यालय ठरलं. शेजारच्या बर्तूच्या घराची खूण निळा त्रिकोण. तो शत्रुपक्ष ठरला. या एका निष्कर्षाला माझी हरकत नव्हती. बर्तूच्या कोठारात दोन पट्टे, एक ठिपका असलेली शिडी निघाली. ती शत्रूनं लढाईत जप्त केलेली सामग्री. हीच शिडी बर्तूनं उसनी नेली होती आणि पुढे देवाशपथ नेली नाही म्हणाला होता. जप्ती झाली त्याअर्थी लढाई झाली, आणि दोन घरांच्या मधोमध आमचा उकिरडा आहे त्याअर्थी ती तिथेच झाली. उकिरड्यावर झेंडा लागला. शेडचं स्मारक करायचं ठरलं, म्हणून तिला दोरी बांधून कुलूप ठोकलं.

बाहेर सफरचंदांचे ढीग पडलेले.

"रेमी, फळ सडतंय. आत्ता गाळलं नाही तर यंदा गावात कुणाच्याच घरी सायडर नाही, सफरचंदाच्या दारूचा थेंब नाही."

"आई, इतिहास थांबत नाही."

"आणि सफरचंद थांबतं का रे?"

स्मारकाच्या उद्घाटनापर्यंत ढिगांवर गांधीलमाश्या बसल्या होत्या. मेयर आले, बँड आला. पाहुण्यांना सायडर पाजला, तो दुकानातला. प्रत्येकाच्या छातीवर दोन पट्टे, एक ठिपका असलेला बिल्ला. मला 'जिवंत साक्षीदार' म्हणून पुढची खुर्ची दिली आणि हातात माईक. मी सगळं सांगितलं. रंग, कोंबड्या, शिडी, काही म्हणजे काही लपवलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "अजूनही गुप्तता पाळतायत हो!" बर्तूही टाळ्या वाजवत होता. हसू नका. त्या गर्दीत तुम्ही असतात, तर तुम्हीही बिल्ला सरळ लागलाय ना म्हणून शेजारणीला विचारलं असतंत.

मग रेमी पुढे आला. कोटावर बिल्ला नाही, डोळे ओले. सगळ्यांदेखत त्यानं एक बिल्ला माझ्या हातात ठेवला. "आई, आज तुमच्या हातानं लावा. या घरातलाच एक झाल्यासारखं वाटतंय."

मी बिल्ला एप्रनच्या खिशात टाकला. माईक चालूच होता.

"नाही, जावईबापू. ही खूण वस्तू घरी परत यावी म्हणून करतात. तुम्ही असेच बरे. कुणी चुकून उचलून नेलंच, तर कुठे परत करायचं ते त्याला कळायला नको."