पोट आईकडचं की बापाकडचं?

मंगळवारी जेवताना माझ्या नवऱ्याच्या पॅन्टचं बटण उडालं आणि थेट वरणाच्या भांड्यात पडलं. दुसरी कोणी असती तर पोट धरून हसली असती. मी घाबरले. (मला घाबरायला बटणसुद्धा पुरतं. आमच्या लेकीला, एलोडीला, शिंक आली तर मी आधी तिच्या कपाळाला हात लावते, मग स्वतःच्या.)

पण घाबरण्यासारखं होतंच. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं म्हणे. आधी पॅन्ट होईना, मग तहान भागेना, मग पायाची जखम भरेना, आणि शेवटी तो पायच गेला. मी सून होऊन आले तेव्हा त्यांची कुबडी दाराआड उभी होती, सासरे नव्हते. ती कुबडी अजून तिथंच आहे. फरशी पुसताना मी ती उचलते आणि परत तिथंच ठेवते, आणि दर वेळी माझी नजर नवऱ्याच्या पायांकडे जाते.

बटण धुऊन शिवता शिवता मी ठरवलं, याला शुगरच्या तपासणीला न्यायचं. सरळ सांगितलं असतं तर तो बोटीची इंजिनं दुरुस्त करायला म्हणून निघाला असता आणि अंधार पडल्यावरच घरी आला असता. म्हणून बुधवारी सकाळी मी म्हटलं, "बाजारात ताजा ऑक्टोपस आलाय, चल." बाजाराच्या मागे आज तपासणीची गाडी उभी आहे, एवढंच सांगायचं राहिलं.

माझ्या नवऱ्याला दोन नावं आहेत, हे आधी सांगते. सासूबाईंचं नाव लूर्द. त्या क्रिओल, म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशातल्या, चर्चला जाणाऱ्या. त्यांच्यासाठी तो पास्काल. सासरे हिंदू, भोजपुरी बोलणारे, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून आणलेल्यांच्या घरातले. त्यांची थोरली बहीण सुकवारी आत्या त्याला प्रकाश म्हणते. मी तमिळ. मी त्याला 'अरे' म्हणते, म्हणजे कोणी रुसत नाही. आमच्या बेटावर, या माहेबूर गावात, अशी घरं गल्लोगल्ली आहेत, त्यात विशेष काही नाही. दिवाळीला तो आत्याच्या घरी पहिल्या पंगतीत असतो आणि नाताळला आईच्या टेबलाशी. दोन्हीकडे दोनदा वाढून घेतो.

गाडी दिसल्यावर तो म्हणाला, "हा ऑक्टोपस?" पण तोपर्यंत आतल्या सिस्टर फाँगनी टेप काढून त्याच्या पोटाभोवती टाकलीसुद्धा.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"अर्धा आत ठेवलायस. सगळा सोड." त्याने सोडला. शर्टाचं एक बटण हललं, मी डोळे मिटले. "ब्याण्णव सेंटीमीटर. तुझे लोक कुठले?"

"इथलेच. चर्चच्या मागे घर आहे."

"तसं नाही रे. पूर्वी कुठून आलेले? हिंदुस्थानातून आलेल्यांना शुगर लवकर धरते, म्हणून त्यांच्या पुरुषांना धोक्याची रेघ नव्वदवर. आफ्रिकेतून आलेल्यांना चौऱ्याण्णव."

"आणि तुम्हा चिनी लोकांना?" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"नव्वदच. म्हणून तर माझा नवरा घरी मला बघून भात कमी वाढून घेतो. हं, बोल. कुठला तू?"

नवरा विचारात पडला. एवढा विचार त्याने मला मागणी घालतानासुद्धा केला नव्हता.

"माझी आई क्रिओल आहे," तो म्हणाला.

"आणि वडील?"

"वडील वारले."

"वडील वारले म्हणून त्यांची बाजूही वारली का?"

"सिस्टर, मी आईचा. लहानपणापासून आईचाच." रांग हसायला लागली तसा त्याला आणखी जोर चढला. "कोणालाही विचारा, मी बापाचा कधी नव्हतोच!"

"कोणाचाही अस, उद्या सकाळी उपाशी पोटी ये. रक्त बघू."

"चौऱ्याण्णवला अजून दोन कमी आहेत की! पास झालेल्याची परत परीक्षा कसली?"

आणि तो शीळ घालत निघाला. वाटेत पास झाल्याच्या आनंदात त्याने गोड, थंडगार आलुदाचे दोन मोठे पेले रिचवले. मी मागून येत होते. ऑक्टोपसही नाही आणि रक्ताची तपासणीही नाही.

माहेबूरमध्ये बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. दुपारी सुकवारी आत्या दारात. अंगावर लग्नातली साडी, डोळ्यांत पाणी.

"कुठाय तो आईचा?"

"आत्या, ऐक ना..."

"भर बाजारात म्हणालास, मी बापाचा नव्हतोच! माझा भाऊ वर बसून ऐकतोय रे. ये इकडे. त्याच्या फोटोशेजारी उभा राहा. एका अंगाला वळून! बघ वहिनी, हे माझ्या भावाचं पोट आणि हे याचं. दाखव फरक!"

सासूबाई कमरेवर हात ठेवून आल्या. "दाखवते की. तुमच्या भावाचं पोट खाली उतरलेलं होतं, वन्सं. हे गोल आहे. हे माझ्या बाबांचं पोट. ते पोट घेऊन बाबा म्हातारपणीसुद्धा होडी ओढायचे."

"होडी ओढायचे की होडी त्यांना ओढायची?"

"तोंड सांभाळा हं!"

एलोडी मध्येच येऊन बापाच्या पोटावर बोट दाबून गेली. तिला वाटलं, नवीन खेळ आहे.

"अगं, आमच्या घरात सगळ्यांना शुगर आहे," आत्या छाती पुढे काढून म्हणाल्या. "आमच्या बापाला होती, काकांना होती, भावाला होती, मला आहे. हा एकटाच सुटणार होय? आमचा नाही का हा?"

(शुगरवर हक्क सांगायला कोणी लग्नातली साडी नेसून येईल, असं मला वाटलं नव्हतं.)

"घेऊन जा मग तुमची शुगर!" सासूबाईंचा आवाज फाटला. "तिनंच माझा नवरा नेला. आता माझ्या पोराला हात लावू नका. आमच्या समुद्रावरच्या माणसांत हे असलं काही नाही!"

आत्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाही? मग तुझी आई शेवटी भिंत चाचपत का चालायची, वहिनी?"

सासूबाईंनी कमरेवरचे हात खाली घेतले.

"मीच न्यायचे ना तिला दवाखान्यात. एकाच बाकावर बसायचो आम्ही. एकच गोळी दोघींना."

सासूबाई खुर्चीत बसल्या. पदर नव्हता म्हणून अॅप्रनलाच डोळे पुसले. "तिनं शपथ घातली होती मला. म्हणायची, लोक हसतील, कोळ्याच्या बायकोला उसाच्या मळ्यातला आजार कसा झाला म्हणून."

माझा नवरा अजून फोटोशेजारी तसाच एका अंगाला वळून उभा होता. त्याने पोटावर हात ठेवला. एरवी तो हात मालकाचा असायचा, आता राखणदाराचा झाला.

"म्हणजे दोन्हीकडून?" तो म्हणाला. मग दाराआडच्या कुबडीकडे बघून, अगदी बारीक आवाजात, "मग आता मी कुठे जाऊ?"

"उद्या सकाळी गाडीकडे," मी म्हटलं. आणि सासूबाई आणि आत्या, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच, एकाच वेळी 'हो' म्हणाल्या.

पण ते 'हो' रात्रीपुरतंच होतं. सकाळी आत्या गरम दालपुऱ्यांची चळत घेऊन हजर. "रक्त द्यायला जातोय पोरगा, रिकाम्या पोटी पाठवतेस? उपाशी म्हणजे भात खायचा नाही. दालपुरी चालते." मागून सासूबाई बशीभर नापोलितेन घेऊन आल्या, मध्ये जॅम, वर गुलाबी साखर. "हे तर बिस्किटच आहे गं, तोंडात विरघळून जातं, पोटापर्यंत जातच नाही."

मी दार अडवून उभी राहिले. नवऱ्याला काही मिळू दिलं नाही. पण ताटं परत कशी पाठवायची? आत्यांचं परत केलं तर मी सासूच्या बाजूची, सासूबाईंचं परत केलं तर आत्यांच्या. म्हणून मी खाल्लं. एक दालपुरी, मग एक नापोलितेन, मग परत दालपुरी, कोणावर अन्याय नको म्हणून. दोघी समोर बसून बघत होत्या. नवरा खिडकीतून बघत होता. इतक्या प्रेमाने त्याने माझ्याकडे बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. (नंतर लक्षात आलं, तो दालपुरीकडे बघत होता.)

गाडीत सिस्टरनी त्याच्या बोटाला सुई टोचली. यंत्राला आकडा दाखवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी मनातल्या मनात एलोडीचं लग्न एकटीने लावून मोकळी झाले.

"हवी त्यापेक्षा जास्त आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण याला अजून शुगरचा आजार म्हणणार नाही मी. ती पायरीवर येऊन बसलीये. आत घ्यायची की नाही ते तुझ्या हातात. आलुदा बंद, भात कमी, रोज खाडीपर्यंत चालत जायचं. आणि पुढची तपासणी चुकवायची नाही."

मी रडायला लागले. नवऱ्याने माझा हात धरला. म्हणाला, "रोज जाईन चालत. तुझी शपथ." त्याचे दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकलेले होते. मी ते परत एकदा बघून घेतले.

"छान," सिस्टर म्हणाल्या. "आता तू ये."

"मी? मी नुसती काळजी करायला आलेय."

पण टेप माझ्या पोटाभोवती फिरली होती. "अठ्ठ्याऐंशी."

मला आता हे सगळं चांगलंच कळायला लागलं होतं. मी म्हटलं, "सिस्टर, मी तमिळ आहे खरी, पण माझी एक पणजी मादागास्करची होती. त्या बाजूने धरलं तर?"

"कुठूनही धर. हिंदुस्थान असो, आफ्रिका असो नाहीतर चीन, बायकांची रेघ एकच. ऐंशी." त्यांनी माझं बोट धरलं. "आण इकडे. सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना?"

मी खाली बघितलं. ओठाच्या कोपऱ्याला गुलाबी साखर होती, ती हळूच पुसली.

नवऱ्याने घसा साफ केला. "सिस्टर, हिला उद्या बोलवा. आज हिच्या पोटात माझ्या दोन्ही बाजू आहेत."