वीरभद्र भित्रा असल्याबाबत

शौर्य ही तराजूत घालता येणारी वस्तू नसल्यामुळे, कोण शूर आणि कोण भित्रा हे ठरवायला समिती लागते. पाथरीपासून जीपच्या एका फेरीवर असलेल्या एका गावाने अठ्ठ्याहत्तर साली तशी ती नेमली होती. (गावाचे नाव देत नाही. शूर गावांना प्रसिद्धीचा तिटकारा असतो, विशेषतः पोलीस येऊन गेल्यावर.) समितीत तिघे होते: अध्यक्ष आबासाहेब पाटील, त्यांचे मेहुणे, आणि सांगितले तिथे अंगठा उठवणारा कोतवाल. पुढ्यात प्रश्न एकच होता. पैसे घेऊन ठोसे मारणाऱ्या वीरभद्राला भित्रा म्हणता येईल काय?

आबासाहेबांना निकाल पोळ्याच्या आत हवा होता. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिली बैलजोडी पाटलाची जाते. या पहिलेपणासाठी आबासाहेब चुलतभाऊ बन्सीधरशी कोर्टात भांडले होते, जिंकले होते, आणि तेव्हापासून दोन घरे एकमेकांच्या मयतीलाही जात नव्हती. इतका जिवापाड जपलेला मान यंदा हातचा जायची पाळी आली होती, आणि ती या वीरभद्रामुळे.

वीरभद्र हा लिंगायत आळीतल्या मल्लम्माचा मुलगा. आईच्या किराणा दुकानात बसायचे सोडून हैदराबादेत गेला, तिथल्या नुमाइशीत, म्हणजे वार्षिक प्रदर्शनात, तिकीट लावून बॉक्सिंग खेळला आणि नाक वाकडे करून परत आला. गावाला आधी कौतुक वाटले. मग त्याने पारावर बसून खेळाचे नियम सांगितले, आणि आबासाहेबांना तेव्हाच शंका आली.

समोरचा गडी आपल्याच वजनाचा पाहिजे. हातांवर गादी बांधायची. कमरेखाली मारायचे नाही. पडलेल्याला तर नाहीच, उलट तो उठतो का ते पाहत उभे राहायचे. घंटा झाली की हात खाली. आणि एवढे करून शेवटी त्याच माणसाच्या गळ्यात पडायचे! आबासाहेबांनी आयुष्यात पुष्कळांना मारले होते (सालगडी, कुळे, एकदा पोस्टमन), पण असल्या पळवाटा कधी शोधल्या नव्हत्या.

त्या पावसाळ्यात औरंगाबादच्या विद्यापीठाचे नाव बदलायचा ठराव मुंबईत झाला आणि गावाच्या भावना दुखावल्या. गावातले कोणी त्या विद्यापीठाची पायरी चढलेले नव्हते; सातवीची पायरी चढलेलेही मोजकेच. तरी दुखावल्या. दुखावलेल्या भावना औरंगाबादला न्यायच्या तर एसटी बंद होती, म्हणून गाव काठ्या आणि रॉकेल घेऊन भर दुपारी बौद्धवाड्याकडे निघाले. तो जवळ पडत होता. एका अंगाला सगळे गाव, दुसऱ्या अंगाला थोडीशी कुडाची घरे आणि त्यातली बरीच माणसे आधीच रानात पळालेली. शौर्याला इतकी अनुकूल परिस्थिती क्वचितच मिळते.

वाड्याच्या तोंडाशी वीरभद्र उभा होता. हातात काही नव्हते.

"वीरभद्रा, सरक बाजूला," आबासाहेब म्हणाले.

"न्हाई सरकत, पाटील. यायचं तर एकेकानं या. मी काय पळायलो न्हाई."

घोटाळा झाला तो इथे. घोळक्याने जायची गावाची पूर्ण तयारी होती. पण एकेकाने म्हटल्यावर क्रम आला, आणि क्रम आला की मानपान आला. या गावात पहिले कोण, हे तर कोर्टाने ठरवून दिलेले. मागून कोणीतरी अदबीने म्हणाले, "पाटील, मान तुमचा."

गर्दीने वाट करून दिली. आबासाहेबांनी वीरभद्राच्या मुठींकडे पाहिले, आणि त्यांना एकदम भावकीचे भरते आले.

"बन्सीधर वयानं थोरला हाय. पयला मान त्याचा. आजवर मीच आडमुठेपणा केला."

बन्सीधरने हात जोडले. "कोर्टाचा हुकूम हाय, आबासाहेब. कोर्टाची बेअदबी माझ्यानं व्हायची न्हाई."

दोघे भाऊ बराच वेळ एकमेकांना पुढे करत राहिले. इतका जिव्हाळा त्या घराण्यात कोणी पाहिला नव्हता. मग एकाला म्हशीची धार आठवली, दुसऱ्याला पाव्हणे आठवले, आणि उन्हे कलताना गाव घरी आले. एकही घर जळले नाही. आसपासच्या गावांच्या मानाने ही कामगिरी फारच खालावलेली होती.

दुसऱ्या दिवशी बन्सीधर सांगत सुटला, की आबासाहेबांनी सगळ्यांदेखत मान सोडला, तेव्हा यंदा तोरणाखाली जोडी आपली. विहिरीवर बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आता एकच उपाय होता. भित्रा दुसराच कोणी निघायला हवा होता.

समितीने काम चोख केले. घोळक्यातल्या प्रत्येकाला विचारण्यात आले, "तुमी भ्याला व्हता काय?" प्रत्येक जण म्हणाला, मुळीच नाही. सगळे गाव संगे असताना भ्यायचे कशाला? मग वीरभद्राला विचारले.

"भ्यालो व्हतो की, पाटील. लय भ्यालो व्हतो. रिंगणात बी दर खेपेला भेतो."

"मंग पळाला का न्हाईस?"

"पाठीमागं सगुणाबाई लेकराला घिऊन बसली व्हती. पळायचं कुठं?"

बौद्धवाड्यातल्या सगुणाबाईला बोलावले. ती म्हणाली, "खरं हाय. त्याचे पाय लटलट कापायले व्हते. मी बघितलं." आजवर बौद्धवाड्याची साक्ष या गावाने कधी मानली नव्हती. ही मात्र तात्काळ मानली.

कबुली आली, साक्ष आली; वीरभद्र भित्रा ठरला. पोळ्याला आबासाहेबांची जोडी तोरणाखालून पहिली गेली. मल्लम्माच्या दुकानातून मीठसुद्धा कोणी नेईना, तेव्हा तिने कुलूप लावले आणि मायलेक मानवत रोड स्टेशनवर हैदराबादच्या गाडीत बसले. पुढच्या खेपेला गाव बौद्धवाड्याकडे निघाले तेव्हा वाटेत कोणी उभे नव्हते, त्यामुळे कोणाला मान द्यावा-घ्यावा लागला नाही. सगळे काम अंधार पडायच्या आत झाले.

हा निकाल अन्यायाचा आहे असे तुम्हाला वाटत असेल. गावातही तसे वाटणारे पुष्कळ होते. सभ्य, पेपर वाचणारी, मनातून अगदी वीरभद्राच्या बाजूची माणसे. दोन्ही खेपांना ती घराला आतून कडी लावून हळहळत बसली होती. समितीने त्यांना भित्रे म्हटलेले नाही. काठ्या घेऊन निघालेल्या गावातच त्यांना धरले आहे.