शेवटी बोलणाऱ्याचं मैदान

"मॅडम, नगराध्यक्ष निर्णय घेतात, तेव्हा त्यांचं डोकं हजर असतं का?"

प्रश्न टकळीने विचारला, पण तो तिचा नव्हता. "विचारून दाखव, मग मानू," म्हणून मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी तिला भरीला घातलं होतं. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलाही कुजबुजणारी ही मुलगी यंदा धावण्याच्या संघाची कप्तान झाली आणि तेव्हापासून तिच्या तोंडाचा पट्टा थांबेना. मुख्याध्यापकांनी घाम पुसला.

व्याख्यानाला आलेल्या मानसशास्त्रज्ञ बाई मात्र खुलल्या. "बेटा, नगरपालिकेने मला नेमकं हेच शोधायला नेमलंय!"

त्यांनी पडद्यावर आपलं 'निर्णय-प्रतिमान' दाखवलं: कोण काय ठरवेल हे आधीच सांगणारा संगणकाचा कार्यक्रम. सभागृहाच्या कोपऱ्यात बसून त्यांनी सदस्यांच्या मनाचा सखोल अभ्यास केला होता. उपाध्यक्ष जेवणाआधी सगळ्याला विरोध करतात आणि जेवणानंतर सगळ्याला पाठिंबा देतात. अध्यक्षांचं तसं नाही. खुर्चीत उशी आणि समोर गरम चहा असला, की जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटतं. याला शास्त्रात 'अंतिमवक्ता-अनुकूलता' म्हणतात.

"आमच्या घरी हलक्या कानाचा म्हणतात," टकळी पुटपुटली. पण तिचे डोळे चमकले होते. शाळेमागच्या ज्या मैदानावर तिचा संघ धावायचा, तिथे वाहनतळ बांधण्याचा प्रस्ताव पालिकेपुढे होता आणि त्यावर लवकरच सुनावणी होती.

"बाबा, सुनावणीत मला शेवटी बोलता येईल?" तिने घरी येताच विचारलं.

बाबा पालिकेतच कारकून. "येईल की. शेवटी बोलायला कोणी थांबतंय कुठे?"

सुनावणीला उशी होती, चहा वाफाळत होता. वाहनतळाचा कंत्राटदार बोलला, अध्यक्षांनी मान डोलावली, तो निघून गेला. मग टकळी उभी राहिली. "आम्ही धावायचं कुठे? तुमच्या गाड्यांच्या टपांवरून?"

अध्यक्ष गहिवरले. "मैदान राहील!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात दार ढकलून कंत्राटदार परत आत आला. "साहेब, माझा चष्मा राहिला इथे. आणि हो, वाहनतळाचं तेवढं लक्षात असू द्या."

"असणारच," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

टकळी तडक मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेली. "मॅडम, तुमचं प्रतिमान फसलं!"

"फसलं? अगं, तंतोतंत खरं ठरलं!"

पालिका तर इतकी खूश झाली, की तिने ठराव केला: प्रतिमानाचे व सभागृहाचे निर्णय सारखेच येत असल्याने सदस्यांना सभेस बोलावण्याचे प्रयोजन उरलेले नाही. प्रतिमानाचा संगणक अध्यक्षांच्या खुर्चीत बसवण्यात आला. खाली उशी ठेवली. शिपाई रोज त्याच्यापुढे गरम चहा ठेवू लागला, कारण चहा निवला की निर्णय बदलतो. सदस्यांचं मानधन अर्थातच चालू राहिलं. त्यांचं मन वापरात होतं ना!

वाहनतळाचं खोदकाम उद्यापासून, अशी पाटी लागली. टकळीने पालिकेत लेखी हरकत नेऊन दिली. खिडकीतल्या बाईंनी ती न उघडताच परत सरकवली.

"तुम्ही ही हरकत मागे घेतली आहे."

"मी? कधी?"

"आज जेवल्यावर घ्याल. आता नागरिकांचंही प्रतिमान तयार झालंय. नागरिक रागावतो, जेवतो, विसरतो. त्यामुळे हरकती आम्ही आधीच निकाली काढतो. तुमचाही हेलपाटा वाचतो."

टकळी धुमसत घरी आली. दप्तर भिरकावून तिने सगळी हकिगत एका दमात सांगितली.

"अगं, आधी चार घास पोटात जाऊ देत," आई म्हणाली. "पोट भरलं की डोकं शांत होतं."

"होतंच," बाबा म्हणाले. "मीही पूर्वी असाच चिडायचो. मग तुझी आई ताट वाढायची."

टकळीने ताट पुढे ओढलं. ती पोटभर जेवली. भाजी दोनदा मागून घेतली, ताट चाटूनपुसून साफ केलं. हात धुऊन आली आणि दोघांच्या समोर उभी राहिली.

"आई, बाबा, मी जेवले. विसरले नाही. उद्या सकाळी खोदायला येतील, तेव्हा मी मैदानाच्या मधोमध बसलेली असेन. तुम्ही येताय, की तुमचं जेवण झालंय?"