मागच्या खोलीतला परदेश

बार्शीच्या अंबादास घाडग्यांच्या घरातली मागची खोली मंगळवारी सकाळी परदेशात गेली. जायचं ठरलेलंच होतं, त्यामुळं कुणी आरडाओरडा केला नाही.

त्या देशानं माणसं बोलावणं अलीकडं बंदच केलं होतं. माणूस विमानानं न्यायचा, त्याला जागा बघून द्यायची, त्याला करमेना झालं की परत पाठवायचा, ही कटकट त्यांना नको झाली होती. त्यापेक्षा ज्याला कामाचा व्हिसा मिळेल त्याच्या घरी देशच पाठवून द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. एका व्हिसाला एक खोली. खोलीला स्वतंत्र दार पाहिजे आणि छत गळकं नको, एवढीच अट.

अंबादासना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. हयातभर गवंडीकाम केलेलं, बायको वारलेली, तोंड फटकळ. मुलगा धनंजय वायरमन, सून रोहिणी नर्स. दोघांनी अर्ज जोडीनं केले होते. सोलापूरचा एजंट छातीवर हात ठेवून म्हणाला होता, की नवरा-बायकोचं एकदमच होतं, काळजी करू नका. झालं मात्र रोहिणीचं एकटीचं. धनंजयचा अर्ज विचाराधीन राहिला.

दाराशी बसायला शिपाई आला. अंगात परदेशाचा निळा कोट आणि कोटाच्या आत जवळच्याच वैराग गावचा बनसोडे. कंत्राटी होता. मागच्या खोलीच्या उंबऱ्याला लावून त्यानं प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आणि नियम सांगितले.

"वहिनी आत जातील. पहिलं वर्ष बाहेर यायचं नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की व्हिसा बाद. आणि तो बाद झाला की दादांचा अर्जही बाद, कारण फाईल दोघांची एकच आहे."

"फाईल एक हाय तर व्हिसा एक का न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"ते वरून असतं, अण्णा."

"आणि हा धन्या कुठं झोपायचा? त्याची गादी त्या खोलीत हाय."

"गादी आता परदेशात आहे," बनसोडे म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण त्यानं वाक्य बदललं नाही.

रोहिणीनं देवाला नमस्कार केला, अण्णांच्या पाया पडली आणि बॅग घेऊन आत गेली. आत रस्ता होता, बसथांबा होता, बारीक बर्फ पडत होता. खोलीतलं लोखंडी कपाट फुटपाथवर उभं होतं आणि माणसं त्याला वळसा घालून चालली होती. ती कपाटापाशी थांबली, किल्ली लावून स्वेटर काढला, अंगात घातला आणि मागं वळून म्हणाली, "अहो, गॅस बंद केलाय का बघा."

धनंजयनं बघितला. बंद होता.

तिला काम लागलं ते तिथल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात. अण्णांना हे फार लागलं.

"इथं घरात एक म्हातारा फुकट पडलाय, आणि ही परक्यांची पाठ चोळायला सातासमुद्रापार गेली," ते बनसोडेला म्हणाले.

"समुद्र कुठाय अण्णा, उंबराच आहे."

"तेच म्हणतोय मी. उंबरा हाय म्हणून तर जास्त लागतंय."

धनंजय हॉलमध्ये सतरंजीवर झोपायला लागला, डोकं दाराकडं करून. कामाला जायचं त्यानं कमी केलं. गल्लीत कुणी विचारलं की "होतंय, होतंय" म्हणायचा आणि चप्पल घालून उलट्या दिशेनं चालू लागायचा. रोहिणी कामावरून आली की उंबऱ्यापाशी उकिडवी बसायची. दोघं बोलत राहायची. धनंजयचा हात पुढं गेला की बनसोडे हळूच म्हणायचा, "दादा, बोटं." तिची बोटं बाहेर आली की म्हणायचा, "वहिनी, बोटं." चहा आत जाऊ शकत होता, पण दुधाचा नाही. दुधाला मनाई होती.

पुढं पुढं रोहिणी बोलता बोलता मध्येच गप्प होऊन मागं बघायला लागली. मागं बस आलेली असायची. "येते हं," म्हणून उठायची. तिला तिथल्या बसची वेळ पाठ झाली होती, आणि तो अजून विचाराधीन होता.

अण्णांनी एजंटाला फोन लावला.

"पोरगं वाळत चाललंय. तुझा विचार कधी संपणार?"

"माझा नाही हो, त्यांचा."

"मग त्यांना सांग, हितं एक घर मधोमध कापलंय. लौकर काय ते करा."

आणि खरंच, व्हिसा आला. बनसोडे कागद घेऊन उभा राहिला. धनंजयनं त्याला मिठीच मारली आणि लगेच मागच्या खोलीच्या दाराकडं निघाला. बनसोडेनं त्याला दंडाला धरून वळवलं.

"दादा, तुमचं स्वयंपाकघर."

एका व्हिसाला एक खोली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. धनंजयला काम मिळालं होतं त्याच देशात, पण दुसऱ्या टोकाला, एका धरणावर. ते टोक स्वयंपाकघरात उघडलं. ओटा तसाच राहिला, नळाला पाणीही होतं, पण छत गेलं आणि खिडकीच्या जागी बर्फाचं माळरान आलं. मागच्या खोलीकडची भिंत मात्र उभी होती. डावीकडं बघा नाहीतर उजवीकडं, ती नजर पोचेल तिथवर गेली होती.

एजंट फोनवर म्हणाला, "देश एकच आहे ना? मग झालं तर!"

धनंजय आत गेला. न जाऊन करतो काय, नाही म्हटलं असतं तर दोघांची फाईल बंद. अण्णांनी माळ्यावरचा जुना स्टोव्ह हॉलमध्ये मांडला आणि बनसोडेनं खुर्ची अशा कोपऱ्यात सरकवली की दोन्ही दारं दिसावीत.

आता नवरा एका दारात आणि बायको दुसऱ्या दारात. मध्ये हॉलचा कोपरा, म्हणजे भारत. एकमेकांना दिसायची, बोलायची.

"स्वेटर घातलाय का आत?"

"दोन घातलेत."

"खोटं बोलू नका, मला कॉलर दिसतीये एकच."

अण्णा खाटेवर पडून ऐकायचे. खरं तर यात वाईट काही नव्हतं. पण एकदा रोहिणीला ताप आला. ती दारात भिंतीला टेकून बसली होती, आणि धनंजय समोरच्या दारात चौकट धरून नुसता उभा. अण्णांनी ओल्या कापडाची घडी उंबऱ्यावरून सरकवली आणि तिनं ती स्वतःच कपाळावर ठेवली. पोराची चौकट धरलेली बोटं पांढरी पडली होती. ती अण्णांना बघवली नाहीत.

"बनसोडे," ते म्हणाले, "ती मधली भिंत पाडली तर?"

"कुठली?"

"मधली. दोन खोल्यांच्या मधली. चार इंची हाय, मीच घातलीय. हिकडं परदेश, तिकडं परदेश. भारताचा संबंधच न्हाई."

बनसोडेनं साहेबांना विचारून सांगितलं. "देशातल्या देशात भिंत पाडायला हरकत नाही म्हणाले. पण अंतर आहे तेवढंच राहील, असंही म्हणाले. दादा, रेल्वे आहे तिकडं, पण बर्फ वितळल्यावर सुरू होते. थांबा की तोवर."

"आणि हिचा ताप थांबणार हाय का तोवर?" अण्णा खेकसले. "धन्या, घे रे छिन्नी."

अण्णांना आत पाऊल टाकता येत नव्हतं. ते उंबऱ्याबाहेर उभे राहून सांगत होते. "सांध्यात मार. विटेवर नको, सांध्यात! वायरमन हाय म्हणं. कोण देतं रं तुला काम?" धनंजय घामाघूम होऊन हसत होता. किती दिवसांनी हसत होता. वीट निघाली, मग दुसरी, मग माणूस वाकून जाईल एवढं भगदाड झालं. पलीकडं मागची खोली नव्हती. पलीकडं बर्फ होता आणि एक पायवाट लांब टेकडीकडं गेली होती.

"तिकडून काय दिसतंय का गं?" अण्णांनी ओरडून विचारलं.

"काहीच पडलं नाही इकडं, अण्णा," रोहिणी तिच्या दारातून म्हणाली. "इकडं भिंतच नाहीये. लांबवर नुसतं पांढरं आहे."

धनंजयनं भाकरी बांधून घेतली. दारात येऊन रोहिणीला म्हणाला, "आलोच." ती म्हणाली, "सावकाश या." तो भगदाडातून वाकून पलीकडं गेला. अण्णांनी मान तिरकी करून तो बारीक होईस्तोवर बघितला, आणि तो बारीक झाल्यावरही बघत राहिले.

त्यानंतर रोज अण्णा मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन रोहिणीला विचारायचे, "आला का?"

"अजून नाही, अण्णा."

पूर्वी निदान समोरासमोर दिसायची तरी पोरं. आता स्वयंपाकघराच्या दारात कुणी नव्हतं. भगदाडातून वारा यायचा आणि ओट्यावर बर्फ साचायचा. भिंत पाडा म्हणून कोण म्हणालं, हे घरात कुणी बोलत नव्हतं. बनसोडेही नाही.

रोहिणीचा ताप उतरला. एका सकाळी ती अंगावर कपाटातलं सगळं चढवून, पाठीला बॅग लावून उंबऱ्यापाशी आली.

"अण्णा, मी निघते इकडून. अर्ध्यात भेटतील."

"वाट चुकलीस तर? तो कुठल्या वाटेनं येतोय, तुला काय ठाव?"

"पांढऱ्यात माणूस लांबून दिसतो."

"पोरी, थांब गं."

"इथं बसून राहिले तर पुन्हा आजारी पडेन, अण्णा." तिनं उंबऱ्याच्या आतूनच हात जोडले. बस आली, तिनं बसकडं बघितलंही नाही. कपाटाला वळसा घालून ती गेली.

घर शांत झालं. एकाच घरात दोघं एकमेकांकडं चालत होती आणि पावलाचा आवाज नव्हता.

बनसोडे उठला, कोट झटकला आणि खुर्ची उचलली.

"अण्णा, माझं काम संपलं म्हणायचं. दोघंही रीतसर आत आहेत. अडवायला कुणी उरलं नाही."

अण्णा खाटेवरून उठले. त्यांनी मफलर कानावरून गुंडाळला, पायात चपला सरकवल्या.

"मी हाय की," ते म्हणाले. "मला अडव."

बनसोडेनं त्यांच्याकडं बघितलं. त्यानं खुर्ची परत कोपऱ्यात ठेवली, बसला आणि कोटाची वरची गुंडी लावली. अण्णा चालत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. बनसोडेनं हात आडवा केला.

"व्हिसा?"

"न्हाई."

"मग मागं व्हा, अण्णा."

अण्णा मागं झाले, खाटेवर बसले. चपला त्यांनी काढल्या नाहीत. जरा दम खाल्ला आणि मागच्या खोलीच्या दाराकडं निघाले. बनसोडे आधीच हात आडवा करून बसला होता.