होयबाचे रोजचे पान

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कारागिराला कचेरीत सर्वजण 'होयबा' म्हणत, आणि त्या नावासही त्याने कधी नकार दिला नव्हता. सुट्टीच्या दिवशी कोठेतरी लिफ्ट अडकत असे, साहेबांचा फोन येत असे आणि होयबा हत्यारांची पिशवी खांद्यास लावून निघत असे. परिणामी वडिलांबरोबर मांडलेला बुद्धिबळाचा डाव कित्येक आठवडे अर्ध्यावरच थांबला होता. पटास कोणाचा धक्का लागू नये म्हणून वडिलांनी त्यावर टोपली उपडी घातली होती.

"तुझ्या उंटावर कोळ्यानं घर केलंय," ते एके सकाळी म्हणाले. "त्याला हाकलू, की तुझ्या वतीनं त्यालाच खेळायला बसवू?"

हे बोल होयबाच्या काळजास झोंबले. मुलीने त्याच्या फोनवर टिपणांचे एक अ‍ॅप घालून दिले होते. त्यात रोज सकाळी त्या दिवसाचे नवे पान उघडत असे. कामे लिहावीत आणि झाली की चौकोनात बरोबरची खूण करावी, इतकेच. होयबाने इकडेतिकडे बोटे दाबत, सापडेल तेथे एक ओळ लिहिली : 'आज ठामपणे नाही म्हणायचे.'

त्याच दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. यापुढे सुट्टीच्या दिवशी येणे जरा अवघड आहे, तरी बघतो, असे तो म्हणाला. साहेबांनी "बघा, बघा" म्हणून मान डोलावली. होयबाने विजयी मुद्रेने फोनवरच्या चौकोनात खूण केली.

दुसऱ्या दिवशी पान उघडले, तो तीच ओळ पुन्हा समोर. चौकोन कोरा. होयबा खजील झाला. आपला नकार मिळमिळीत होता, हे माणसास उमगले नाही तरी यंत्रास उमगले, असा त्याने अर्थ लावला. तो तडक साहेबांकडे गेला आणि सुट्टीच्या दिवशी येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. साहेबांनी कपाळास आठ्या घातल्या. पण बरे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ, तोच कोरा चौकोन. आता मात्र होयबाचा स्वाभिमान पेटून उठला. साहेब चहात बिस्किट बुडवीत असतानाच तो आत शिरला.

"साहेब, नाही."

"अहो, मी अजून काही विचारलंच नाहीये."

"तरीही नाही."

बिस्किट चहात गळून पडले. साहेबांनी दार लोटून घेतले आणि खालच्या आवाजात विचारले, "तुम्ही सुट्टीला यायचं नाही, पण फोन चालू ठेवायचा, हे मी कालच मनात ठरवलं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

होयबास यातील काहीही ठाऊक नव्हते. परंतु माघार घेण्याची वेळ टळून गेली होती.

"कुणी का सांगेना. फोन बंद राहील."

चमच्याने बिस्किट शोधीत साहेब म्हणाले, "बंद तर बंद. पण उद्या परत 'नाही' घेऊन येऊ नका हो."

संध्याकाळी मुलीने फोन पाहिला आणि ती हसून हसून बेजार झाली. "बाबा, ही ओळ तुम्ही आजच्या पानावर नाही, रोजच्या पानाच्या साच्यात लिहिलीत. साच्यात असेल ते रोज नव्यानं उमटणारच. पुसून टाकू?"

होयबाने फोन तिच्या हातून काढून घेतला. "राहू दे. जन्मभर 'हो' कुणी न लिहिताच उमटत होतं."

सुट्टीच्या दिवशी फोन बंद करण्यापूर्वी त्याने ती ओळ एकवार डोळे भरून वाचली. टोपली उचलली गेली, कोळ्यास सन्मानाने खिडकीबाहेर पोहोचविण्यात आले आणि डाव पुढे सुरू झाला. थोड्याच वेळात वडिलांनी घोडा उचलून अलगद टेकविला.

"मात. हरलास, कबूल कर."

होयबाने छाती पुढे काढली. आता सरावाने त्याच्या कंठातून तो शब्द न अडखळता निघाला.

"नाही."

वडिलांनी त्याचा राजा शांतपणे आडवा केला आणि सोंगट्या नव्याने मांडावयास घेतल्या. "साहेबाचं ठीक आहे रे. माझा घोडा तुझं पान वाचत नाही."